हरिबाची भिंत

भिंत पहिल्यांदा कापलेली सापडली तेव्हा मी उंदरावर संशय घेतला. दुसऱ्यांदा हरिबावर घेतला. तिसऱ्यांदा सावळारामवर घेतला, आणि तो बोलून दाखवला. मनातला संशय मनात ठेवण्याची मला सवय आहे, पण त्या दिवशी ती उपयोगी पडली नाही.

मी भोरला एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर पुठ्ठ्याची घरं, देवळं, पूल करायचा नाद लागला. सगळं पुस्तकं वाचून शिकलो, त्यामुळे हात कधी पुरता बसला नाही. माझ्या भिंती काटकोनात उभ्या राहतात खऱ्या, पण त्या कोसळतील की काय असं मलाच वाटत राहतं. भोरात कुणी या नादाला नाव ठेवलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. विचारलं ते सावळारामनं. तो एसटीत कंडक्टर होता, भोर-वेल्हे गाडीवर. ड्युटी संपली की वाचनालयात येऊन बसायचा. मी त्याच्यासाठी पुस्तक काढून ठेवलेलं असायचं आणि तो परत करताना दोन वाक्यांत सांगायचा, कसं होतं ते. मित्र म्हणावा असा मला तेवढाच एक माणूस.

सावळारामची वाडी गुंजवणीच्या धरणात गेली. तिथली माणसं आता नसरापूरच्या अलीकडे एका ओळीत बांधलेल्या घरांत राहतात. भैरोबाही त्यांनी सोबत आणला आणि ओळीच्या मध्यावर त्याला नवं देऊळ बांधलं. चैत्रात यात्रा भरते. मागच्या यात्रेत सावळाराम मला म्हणाला, "नाना, हितल्या पोरांना वाडी कशी होती ते ठावं न्हाई. पाणी दावून सांगायचं, तिथं घर होतं म्हणून. तुमी बारकी वाडी करा की. देवळात ठेवू."

मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत पस्तावलो. पण शब्द गेला होता.

देवळाला लागून भजनाच्या सामानाची खोली आहे. तिथे दोन प्लायवूडच्या फळ्या जोडून त्यावर वाडी उभी करायचं ठरलं. कुलपाची चावी सावळारामच्या घरी खुंटीला असायची. मी भोरहून एसटीनं यायचो, ती घेऊन खोली उघडायचो आणि जाताना परत टांगायचो. खोलीत एक टेबल होतं आणि माझी हत्यारांची पेटी. स्टीलची पट्टी, हिरवी कटिंग मॅट, सनबोर्ड कापायला जाड कटर, खिडक्या-दारांसाठी पेनासारखा बारीक चाकू, प्लायला करवतीचं पातं. पात्याचं बोथट टोक मोडायला पक्कड, आणि मोडलेली टोकं टाकायला औषधाचा एक घट्ट झाकणाचा डबा. सनबोर्ड म्हणजे फ्लेक्सवाल्याकडे मिळतो तो हलका पांढरा बोर्ड. पात्याच्या पाठीनं त्यावर रेघा ओढल्या की दगडी भिंत होते.

धारेच्या बाबतीत मी भित्रा आहे. माझ्या डाव्या तर्जनीवर एक जुनी खूण आहे, ती मला शहाणपण शिकवते. म्हणून पहिल्याच दिवशी सावळारामला सांगितलं, कटर वापरून झाला की पातं आत. आणि कटर मी कुणाच्या हातात देणार नाही, टेबलावर ठेवीन, तिथून उचलायचा.

"आमच्यात बी विळा हातात देत न्हाईत," तो म्हणाला. "खाली ठेवायचा. हातात दिला की भांडण लागतं."

"भांडणाचं मला माहीत नाही. बोटाला लागतं."

"तुमचं बोटावर भागतं, नाना. आमचं पिढ्यांवर जातं."

तेव्हा मी हसलो होतो.

सावळाराम आठवून सांगायचा आणि मी कापायचो. देऊळ झालं, पार झाला, तालमीची खोली झाली. मग एके दिवशी दारात त्याचा थोरला भाऊ हरिबा येऊन उभा राहिला. हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ते पाणी यायच्या खूप आधीपासून. नवी घरं वाटली तेव्हा दोघांनीही ओळीतली टोकाची घरं मागून घेतली. एकाला हे टोक, दुसऱ्याला ते. सावळाराम हरिबाकडे न बघता उठला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवून उभा राहिला.

"नाना, माझी भिंत दावनार हाय का न्हाई?" हरिबानं विचारलं.

"कुठली भिंत?"

"आमच्या दोघांच्या परड्यामधली. म्या बांधलेली. त्यो कंडक्टर सांगनार न्हाई, म्हणून म्या आलोय."

"भिंत तिथे होती तर दाखवू."

"हुती म्हंजे? एकेक धोंडा या खांद्यावरनं आणलाय. भिंत न्हाई दिसली तर ही फळी म्या देवळात येऊ देत नसतो. कमिटीत म्या बी हाय."

तो गेल्यावर मी घाबरत सावळारामला विचारलं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "दावा. चांगली दावा. भावाभावात भिंत कुनी घातली ते बघू दे यात्रेला." थोडं थांबून म्हणाला, "पर माझ्या अंगाला गोवऱ्या रचून केलेला हुडवा होता भिंतीला लागून. त्यो बी करा."

"किती मोठा?"

"उंच करा. भिंतीच्या वर डोकावला पायजे."

भावानं बांधलेली भिंत झाकायची असेल, असं मी मनात म्हटलं. दोघांनाही भिंत हवी होती, एकाला मिरवायला आणि दुसऱ्याला बोट दाखवायला. मला तेवढंच समजलं.

भिंत केली, चार बोटं उंच. पण चिकटवली नाही. हरिबा येऊन जागा बघून हो म्हणेपर्यंत ती फळीतल्या खाचेत नुसती उभी ठेवली. पुढच्या खेपेला आलो तर भिंतीच्या खालच्या कडेला, साधारण मध्यावर, लचका तोडल्यासारखं दिसलं. खोलीत भजनाची पोती होती, म्हणून उंदीर असेल म्हटलं आणि दुसरी भिंत करून ठेवली.

त्यानंतरच्या खेपेला त्याच जागी मोठा तुकडा गेलेला होता. या वेळी ते दातांचं काम नव्हतं. कमानीसारखा आकार होता, वेडावाकडा, पण पात्यानं केलेला. पातं बोथट झाल्यामुळे मी बाजूला ठेवलेला एक जुना कटर पेटीच्या बाहेर पडला होता, पातं उघडं, मुठीला माती. मी पातं उघडं ठेवत नाही. एसटीत बसल्यावरसुद्धा मला शंका येते, पातं आत केलं ना, म्हणून मी दोनदा बघूनच निघतो.

हरिबावर संशय घेतला, तो यामुळे. त्याला फळी देवळात येऊ द्यायची नसेल, तर भिंत मोडायची आणि मग ओरडायचं, हा सोपा मार्ग होता. पण स्वतःची भिंत माणूस स्वतः कापेल का? आणि चावी तर सावळारामच्या खुंटीला. तिसरी भिंत मी जास्त जाड बोर्डाची केली आणि कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, गप्प राहिलो तर चोर सापडेल.

तिसऱ्यांदा कमान जास्त खोल होती, आणि कापलेल्या कडेवर तपकिरी डाग होता. मी चष्मा काढून जवळ नेऊन बघितला. रक्त होतं.

सावळाराम त्या दिवशी थोडा उशिरा आला. चहाची किटली टेबलावर ठेवताना मला त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट दिसलं. चिंधी बांधलेली.

"बोटाला काय झालं?"

"विळा लागला. कडबा तोडताना."

"कधी?"

"परवा. का?"

"उजव्या हाताला विळा कसा लागेल? विळा तर उजव्याच हातात असतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. कंडक्टर माणूस, बिनतिकिटाचा चेहरा ओळखणारा. "काय विचारायचं ते विचारा, नाना."

मी भिंत त्याच्यासमोर ठेवली. "सावळाराम, ही तू कापतोस का?"

भिंत त्यानं हातातही घेतली नाही. मीच बोलत राहिलो, जसा घाबरलेला माणूस बोलतो तसा. चावी तुझ्याकडे असते, भावाचा राग तुला आहे, यात्रा तोंडावर आली, हरिबाला कळलं तर तो सगळ्या वाडीसमोर तुझंच नाव घेईल, फळी देवळात येणार नाही. हे सगळं मी त्याच्या काळजीनं बोलतोय असा माझा समज होता.

"नाना," तो शेवटी म्हणाला, "मला भिंत तोडायची असती तर खरी तोडली असती. पाणी यायच्या आधी. पुठ्ठ्याची तोडून काय मिळवू?"

मग त्यानं दाराच्या कुलपाला लावलेली चावी काढली, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आता गाडी तुमीच हाका."

किटली तशीच राहिली. चहा मी घेतला नाही.

त्यानंतर खोलीत मी एकटा, आणि तिसरी भिंत. माणसाला विचारायची सोय राहिली नव्हती, म्हणून मी वस्तूला विचारायला लागलो. आधी मॅट बघितली. मॅटवर कापलं की बारीक रेघ उमटतेच. नवी रेघ एकही नव्हती. टेबल बघितलं, प्लायची कड बघितली. कुठेच काही नाही. म्हणजे भिंत कशावर ठेवून कापलेलीच नव्हती. मग उजेडात भिंत तिरकी धरली. सनबोर्ड मऊ असतो, जोर दिला की बोटाचा खळगा पडतो. कमानीच्या डाव्या बाजूला एका अंगठ्याचा खळगा होता आणि उजव्या बाजूला दुसऱ्या. दोन्ही अंगठे, आणि मागच्या बाजूला दोन्ही हातांची बोटं.

हे बघून मी खुर्चीत बसलो. दोन्ही हात जर भिंतीवर होते, तर कटर कुणाच्या हातात होता?

दोघांचं काम आहे, असा मी निष्कर्ष काढला. एकानं धरली, दुसऱ्यानं कापली. म्हणजे कट होता. परतीच्या एसटीत मी प्रत्येकाची बोटं बघत होतो. समोरच्या दांडीला धरलेला हात, कंडक्टरचा हात, सुपारी कातरणारा एक हात. नसरापूरच्या थांब्यावर पेरू कापून देणाऱ्याच्या अंगठ्याला पट्टी होती, तर मी त्याला विचारलंही, काय झालं म्हणून. तो म्हणाला, "बाबा, पेरू घ्यायचाय का?" मी घेतला.

यात्रा आठवड्यावर आली. सावळारामशिवाय मला पुढे काही करता येत नव्हतं. कुणाचं दार कुठे तोंड करून होतं, चिंच कुठे होती, हे त्याच्याच डोक्यात. फळी देवळात गेली नसती तरी मला फार वाटलं नसतं, माझी बरीच कामं अर्धवट राहिलेली आहेत. पण सावळाराम वाचनालयात येऊन बसायचा ती खुर्ची मला आठवत होती. शेवटी चावी खिशात घालून मी त्याच्या घरी गेलो. माफी कशी मागायची ते वाटेत तीन-चार प्रकारे मनात जुळवलं.

तो घरी नव्हता. पडवीत बनाबाईवहिनी, म्हणजे त्याची बायको, विळीवर भोपळा चिरत होत्या.

"बसा, नाना. ह्ये बाजारला गेल्यात. येतील."

मी बसलो. वहिनींशी मी कधी फारसा बोललेलो नाही. चहा आणला की घ्यायचा, कप परत द्यायचा, एवढंच. त्यामुळे बघत बसलो. भोपळ्याची मोठी फोड त्यांनी दोन्ही हातांत धरली, विळीच्या पात्यावर टेकवली आणि पुढे रेटली. फोड फिरवली, पुन्हा रेटली. पातं जागचं हलत नव्हतं. विळीच्या पाटावर त्यांचा पाय होता. पात्याला धरलं होतं ते पायानं. कडबा तोडताना विळाही असाच पायाखाली धरत असतील, तर उजवं बोटही कापणारच.

त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिंधी होती.

माझ्या लक्षात आलं ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण वहिनींचे हात थांबले. मी काहीतरी सौम्य बोलायला हवं होतं. तोंडातून आलं, "पायाखाली धरलात?"

त्यांनी फोड खाली ठेवली. "व्हय," म्हणाल्या.

"का पण, वहिनी?"

"ती भिंत सलग न्हवती, नाना."

मग त्यांनी पुन्हा भोपळा घेतला आणि चिरता चिरता सांगितलं. माझ्याकडे बघून सांगणं त्यांना जमलं नसतं आणि ऐकणं मला. हरिबानं भिंत घातली त्या पावसाळ्यातच वहिनींनी आणि त्यांच्या जावेनं, आक्काबाईंनी, मधले खालचे दोन-तीन धोंडे काढले. ताटली आडवी जाईल एवढी वाट. त्यातून विरजण जायचं, विस्तव जायचा, सणाला पुरणपोळी जायची. एकीला ताप आला की दुसरीची भाकरी यायची.

"आणि घरात कुणाला कळलं नाही?"

"माझ्या अंगाला गोवऱ्या रचलेल्या. तिच्या अंगाला पाटा उभा केलेला. गडीमानूस गोवऱ्यांकडं कशाला बघतंय?"

"ते सगळं पाण्यात गेलं, वहिनी. आता कापून कुणाला दाखवायचं होतं?"

"दावायचं न्हाई कुनाला," त्या म्हणाल्या. "आक्काला आता दिसत न्हाई नीट. हितं ती त्या टोकाला, म्या या टोकाला. नळावर गाठ पडती, पर चार बायकांत काय बोलायचं? ती यात्रेला वाडी बघाय येनार. बघनार म्हंजे हातानं चाचपनार. भिंतीला बोट लावंल. सलग लागली तर म्हनंल, बनी इसरली."

तिसऱ्यांदा जाड भिंत केली होती ती मी, त्यामुळेच अंगठा कापला गेला होता.

"पण तो कटर का घेतलात? मी बाजूला ठेवलेला, बोथट?"

"म्हनूनच घेतला. धारेचं नको म्हटलं, हाताला लागंल."

"उलट असतं. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो. जोर दिला की ते सटकतं, आणि सटकलं की हातावर येतं. धारेचं पातं हलक्या हातानं जातं."

वहिनी थांबल्या. "विळीचं बी तसंच हाय की. बोथट विळीच जास्ती कापती. आक्का तर रोज घासायची."

"मग?"

"ह्ये तुमचं हत्यार. म्हटलं, ह्याचं वेगळं आसंल."

तेव्हा त्या थोड्या हसल्या, आणि मग लगेच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका, नाना. एवढी वर्सं न्हाई कळलं."

हे मला जड गेलं. सावळारामवर आळ घेतला होता मी, आणि तो पुसायचा तर खरं सांगावं लागणार. खरं सांगितलं तर दोन बायकांनी सांभाळून ठेवलेली गोष्ट माझ्या तोंडून जाणार, तीही माझी मैत्री वाचवायला. मी म्हणालो, "नाही सांगत." म्हणताना वाटलं, आता मित्र गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ झाडायची पाळी वहिनींची होती. झाडून झाल्यावर त्या खोलीच्या दारात आल्या. मी दार सताड उघडं ठेवलं आणि चौथी भिंत काढली. टेबल त्यांना उंच पडलं, म्हणून जमिनीवर पाट ठेवून त्यावर मॅट अंथरली. कटरमध्ये नवं पातं घातलं आणि कटर मॅटवर ठेवला. त्यांनी तिथून उचलला. पाय मागे घ्यायला सांगितलं. सरळ कापांना स्टीलची पट्टी लावली आणि धरणाऱ्या हाताची बोटं पट्टीच्या पलीकडे, पात्याच्या वाटेत कधी नाहीत, हे दाखवलं. पहिल्यांदा नुसती रेघ, मग त्याच रेघेवरून पुन्हा, पुन्हा. एका दमात आरपार नाही.

"लई येळ लागतो असं," त्या म्हणाल्या.

"लागतो. म्हणून बोटं राहतात."

कमानीसाठी बारीक चाकू दिला. वळण कापताना मनगट वळवलं की पातं मोडतं, म्हणून पातं जागेवर ठेवून बोर्ड हळूहळू फिरवायचा असतो. हे मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी बोर्ड फिरवायला सुरुवातही केली होती. मी तोंड मिटलं. एकदा मात्र त्यांचा अंगठा पात्याच्या पुढे आला, तेव्हा मी एवढ्यानं "वहिनी" म्हणालो की बाहेर पारावर बसलेल्या माणसानं मान वळवली.

कमान झाली. पात्याच्या पाठीनं मी भोवती दगडांच्या रेघा ओढल्या. हरिबाच्या अंगाला एक छोटा पाटा उभा केला, काळा रंगवलेला, पण चिकटवला नाही, नुसता टेकवला. निघताना वहिनींनी झाडूत आलेलं पात्याचं मोडकं टोक मला दाखवलं आणि विचारलं, कुठं टाकू. मी औषधाचा डबा पुढे केला.

संध्याकाळी सावळारामकडे गेलो. तो अंगणात बाजेवर होता. मी चावी बाजेवर ठेवली.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "भिंत तू कापली नाहीस."

"मग कुनी? हरिबानं?"

"त्यानंही नाही. कुणी ते मला कळलंय. पण सांगता येणार नाही. तेवढं मला विचारू नकोस."

एवढं बोलून मी वाट बघत राहिलो. त्याच्या जागी मी असतो तर विचारलं असतं. आळ घेताना जीभ चालते आणि फेडताना अडते, असं म्हणालो असतो. सावळारामनं घराकडे बघितलं. आत वहिनी चुलीशी होत्या, अंगठ्याची चिंधी सकाळीच नवी बांधलेली. मग त्यानं चावी उचलली.

"गोवऱ्यांचा हुडवा लावला का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"उद्या लावू. बारका करू नका."

यात्रेच्या दिवशी फळी देवळात ठेवली. माणसं आपापली घरं शोधत होती, पोरांना दाखवत होती. हरिबा आला, वाकला, वितीनं आपली भिंत मापली आणि मान हलवली. पाट्याकडे त्यानं बघितलं असेल तर तसं दाखवलं नाही. तो पालखीकडे गेल्यावर आक्काबाई आल्या, नातीचा हात धरून. नातीनं त्यांचं बोट भैरोबाच्या देवळावर ठेवलं. तिथून त्यांनी स्वतःच चाचपत वाट काढली. पार, तालीम, आपलं घर, घरामागचं परडं. भिंत लागल्यावर बोट भिंतीवरून खाली उतरलं आणि पाट्याशी थांबलं. पाटा त्यांनी अलगद बाजूला केला. कमानीत बोट गेलं, पलीकडे गोवऱ्यांना लागलं, आणि तिथेच राहिलं. फळीच्या दुसऱ्या बाजूला बनाबाईवहिनी उभ्या होत्या. त्यांनी खाली वाकून हुडव्यातली एक गोवरी नखानं नीट केली. ती नीटच होती.

मी सावळारामकडे बघितलं. तो माझ्या शेजारी उभा होता, फळीकडे पाठ करून. पालखी अजून उठली नव्हती, तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो तिकडेच बघत होता. आक्काबाईंनी पाटा पुन्हा जागेवर टेकवल्याचा बारीक आवाज झाला, तेव्हा तो वळला आणि म्हणाला, "चला नाना, प्रसाद घेऊ."

हुडवा भिंतीच्या वर डोकावेल एवढा उंच का हवा होता, हे मी त्याला विचारलेलं नाही. संशय आहे. तो या वेळी मनातच ठेवला आहे.